दत्तकाची दोनशे वर्षे

2024 सालच्या लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत कोल्हापूरच्या सभांतून एक जुना प्रश्न पुन्हा विचारला गेला : सध्याचे शाहू छत्रपती हे या गादीचे खरे वारस, की केवळ दत्तक आलेले? प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू राजकीय होता, आणि उत्तर देणाऱ्यांनीही तो त्याच पातळीवर हाताळला. मतदान झाले, दीड लाखांहून अधिक मताधिक्याने महाराज निवडून आले, आणि लोक आपापल्या उद्योगाला लागले. परंतु ज्या घराण्याचे सातत्य दत्तकविधानावाचून एक शतकही टिकले नसते, त्या घराण्याच्या राजधानीत ‘दत्तक’ हा शब्द दूषणासारखा उच्चारला जावा, ही गोष्ट माझ्या मनात सलत राहिली. या विषयावरची दोन परस्परविरोधी मते मी येथे संवादरूपाने मांडीत आहे. त्यांतला मामा हा मोडी दफ्तरांच्या सहवासात आयुष्य घालविलेला, राजघराण्याविषयी निष्ठा बाळगणारा वृद्ध गृहस्थ. भाची ही वकिली करणारी, प्रजासत्ताकाची कट्टर अभिमानी. दोघेही कल्पित आहेत. त्यांची मते मात्र कोल्हापुरात कोणालाही ऐकावयास मिळतील अशीच आहेत. जेथे मला स्वतःला काही म्हणावयाचे आहे, तेथे मी मध्ये बोलणार आहे.

भाची : मामा, मला या वादातली एकही बाजू पटली नाही. एकाने म्हणायचे, हे दत्तक आहेत म्हणून खरे वारस नव्हेत. दुसऱ्याने म्हणायचे, दत्तकविधान विधिवत् झाले आहे म्हणून खरे वारस आहेत. वारस कशाचे? 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. 1971 मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही गेले. जे राज्य उरले नाही त्याचा वारसा सिद्ध करण्यासाठी एवढा आटापिटा कशाला?

मामा : तू सांगितलेल्या दोन्ही तारखा बरोबर आहेत, पोरी, पण त्या तारखांनी जे गेले ते राज्य होते आणि तनखा होता. छत्रपतींची गादी ही त्या दोहोंच्या आधीची. 6 जून 1674 ला रायगडावर जो अभिषेक झाला, त्याने केवळ मुलूख आणि खजिना यांचा धनी निर्माण केला नाही. रयतेने ज्याच्याकडे न्याय मागावा असे एक स्थान निर्माण केले. स्थान आणि स्थानावर बसणारा यांत अंतर आहे. आमच्या दफ्तरांतून हे अंतर पावलोपावली दिसते. माणूस मरतो, गादी मोकळी राहत नाही.

भाची : ती मोकळी राहू नये म्हणून कोणाला तरी आणून बसवावे लागते, एवढाच त्याचा अर्थ.

मामा : होय, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. तू मुळापासून ऐक. 1700 मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि ताराबाईसाहेबांनी आपल्या अल्पवयीन मुलाच्या नावाने औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. 1707 मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, आणि साताऱ्यास शाहूंची व पन्हाळ्यास ताराबाईंची, अशा एका घराच्या दोन गाद्या झाल्या. पुढे 1714 मध्ये राजाराम महाराजांच्या दुसऱ्या राणी राजसबाईंनी ताराबाईंना बाजूस सारून आपला पुत्र संभाजी यास पन्हाळ्याच्या गादीवर बसविले, आणि 1731 मध्ये वारणेच्या तहाने साताऱ्याने ही गादी स्वतंत्र म्हणून मान्य केली. हे संभाजी महाराज 1760 च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले. त्या क्षणी शिवछत्रपतींपासून पुत्रपरंपरेने आलेला कोल्हापूरचा प्रवाह आटला. येथे हा इतिहास संपला असता. पेशव्यांच्या मनात हे राज्य साताऱ्यास जोडून टाकावे असे होते, आणि त्यांच्या सामर्थ्यापुढे पन्हाळ्याची मातबरी ती किती! पण संभाजी महाराजांच्या राणी जिजाबाईसाहेब राज्य सोडावयास तयार झाल्या नाहीत. एका महिन्यात पानिपत झाले, पुढच्या काही महिन्यांत नानासाहेब पेशवे गेले, पुण्याची मसलत बदलली. आणि 1762 मध्ये बाईसाहेबांनी खानवटच्या भोसल्यांच्या घरातले मूल मांडीवर घेऊन त्याचे नाव शिवाजी ठेवले. 1773 पर्यंत कारभार त्यांनीच चालविला. आज कोल्हापूर म्हणून ज्या राज्याचा इतिहास आपण सांगतो, तो त्या एका विधवेच्या हट्टातून वाचलेला आहे.

भाची : म्हणजे माझेच म्हणणे तुम्ही सिद्ध केलेत. रक्ताची धार 1760 मध्ये तुटली. मग पुढे?

मामा : पुढे त्या शिवाजी महाराजांचे वंशज दोन पिढ्या औरस चालले. 1848 मध्ये साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज वारले तेव्हा त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने नामंजूर केला आणि ते राज्य खालसा झाले. नागपूर आणि झाशी यांचीही तीच गत झाली. कोल्हापुरात त्या वेळी बाबासाहेब महाराज हयात होते, म्हणून ती तलवार आपल्यावर पडली नाही. 1857 च्या उठावात त्यांचे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवले गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. मात्र त्या उठावानंतर इंग्रजांनी शहाणपण शिकून संस्थानिकांना दत्तकाचा अधिकार देणाऱ्या सनदा दिल्या. बाबासाहेब 1866 मध्ये वारले. त्यांनी बहिणीचा मुलगा दत्तक घेतला होता, तेच राजाराम महाराज. वयाच्या विसाव्या वर्षी ते विलायतेहून परत येताना 1870 मध्ये फ्लॉरेन्स येथे वारले, आणि आर्नो नदीच्या काठी त्यांचे दहन झाले. त्यांचे स्मारक आजही तेथे आहे. मग 1871 ला दत्तक, मग 1884 ला दत्तक.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. भाचा दत्तक घेणे हे धर्मशास्त्रकारांच्या एका मोठ्या पंथाला मान्य नव्हते; ज्याच्या आईशी दत्तक घेणाऱ्याचा विवाह होऊ शकला नसता, असा मुलगा द्विजांनी घेऊ नये, असा त्यांचा निर्णय होता. 1866 च्या दत्तकविधानाने हा निर्णय बाजूस ठेवला. पुढे याच गादीवरील राजाला वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही, यावरून जो वाद पेटला आणि ज्याने महाराष्ट्राचे सामाजिक जीवन कायमचे बदलले, त्याच्या पार्श्वभूमीवर ही घटना वाचली म्हणजे ध्यानात येते की या घराण्याने शास्त्राची अनुज्ञा मिळेपर्यंत थांबण्याचे पुष्कळ आधी सोडून दिले होते.

भाची : तुम्ही 1871 चे दत्तक एका वाक्यात संपविलेत, मामा. ते मला संपवू देववत नाही. आठ वर्षांचे एक मूल त्याच्या घरातून उचलून आणले. त्याचे नाव बदलून शिवाजी ठेवले. त्याच्याभोवती गोरे शिक्षक आणि पहारेकरी ठेवले. आणि तो वयात येण्याच्या सुमारास तो वेडा आहे असे ठरवून त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. 1883 च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवशी, तो तेथे मेला. वीस वर्षांचा होता. त्याच्या छळाविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी लिहिले म्हणून टिळक आणि आगरकर यांच्यावर संस्थानच्या कारभाऱ्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि त्या दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. गादी मोकळी राहू नये, या तुमच्या थोर तत्त्वाची ही किंमत एका पोराने दिली. ‘स्थान’ टिकले, त्यावर बसविलेले माणूस चिरडले गेले.

मामा : त्या मुलाविषयी बोलताना माझा आवाज तुझ्यासारखा चढत नाही, कारण त्याची कागदपत्रे मी वाचली आहेत आणि ती वाचल्यावर माणसाचा आवाज बसतो. पण तू दोष कोणावर ठेवतेस? त्याला कोंडले ते परक्या सत्तेने आणि तिच्या कारभाऱ्यांनी. गादीवर दत्तक बसविण्याची चाल नसती तर तो मुलगा आपल्या घरी सुखाने राहिला असता, हे खरे. पण कोल्हापूर त्याच दिवशी इंग्रजांच्या नकाशात विरून गेले असते. आणि मग 17 मार्च 1884 उगवला नसता.

भाची : मला ठाऊक होते तुम्ही त्या दिवसापाशी येणार.

मामा : मी तेथे न येता कोठे जाऊ? त्या दिवशी त्या मुलाच्या विधवा राणी आनंदीबाईसाहेबांनी कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव मांडीवर घेतला आणि त्याचे शाहू झाले. ‘रक्ताने’ ते भोसले नव्हते. आणि या गादीवर शिवछत्रपतींच्या नंतर त्यांच्याइतका मोठा माणूस बसला नाही. 1902 च्या 26 जुलैला, स्वतः इंग्लंडमध्ये असताना, त्यांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. त्या वेळी हिंदुस्थानात दुसऱ्या कोणत्या दरबारात हे घडले होते? मराठ्यांची, जैनांची, लिंगायतांची, मुसलमानांची, अस्पृश्यांची वसतिगृहे उघडली. 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. राधानगरीच्या धरणाला हात घातला. 1920 मध्ये माणगावच्या परिषदेत अस्पृश्यांना डॉ. आंबेडकरांच्या रूपाने तुमचा पुढारी तुम्हाला मिळाला आहे असे सांगितले. हे सर्व एका दत्तकाने केले. मग ‘दत्तक’ म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी राजर्षींच्या पुतळ्यासमोर जाऊन ते म्हणून दाखवावे.

भाची : राजर्षींविषयी आपल्या दोघांत मतभेद नाही, पण त्यांचे नाव तुम्ही घेतलेत म्हणून विचारते. 1918 मध्ये त्यांनी आपल्या मुलखातली कुलकर्णी वतने काढून टाकली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी नेमले. का? बापाकडून मुलाला दफ्तर आपोआप मिळाले म्हणजे गावचा हिशेब एका घरात अडकतो आणि रयत त्या घराची ओलीस होते, म्हणून. महारांचे वतनही त्यांनी त्याच वर्षी संपविले, कारण त्या वतनाच्या दोरीने माणूस पिढ्यान्‌पिढ्या वेठीस बांधला जात होता. ज्या राजाने जन्माने मिळणाऱ्या कामाविरुद्ध एवढे मोठे हत्यार उपसले, त्याच्याच नावाने जन्माने किंवा दत्तकविधीने मिळणाऱ्या मानाचे समर्थन करणे मला विसंगत वाटते. गावच्या कुलकर्ण्याला जो न्याय, तोच छत्रपतींना का लागू नये?

मामा : प्रश्न मोठा आहे.

(मामा येथे बराच वेळ बोलत नाही; आणि लेखक म्हणून मलाही वाटते की या प्रश्नाला राजनिष्ठांनी आजवर समाधानकारक उत्तर दिलेले नाही.)

मामा : मी असे म्हणेन. वतन काढणारा हुकूम निघाला तो गादीवरून. वतनदारांचा विरोध, सोवळ्या दरबाऱ्यांचा विरोध, वर्तमानपत्रांची टीका, हे सर्व मोडून काढण्याची मुखत्यारी महाराजांपाशी होती ती छत्रपती म्हणून. तेच यशवंतराव कागलला राहिले असते तर? कागलच्या जहागिरीत त्यांनी चांगली व्यवस्था ठेवली असती, एवढेच.

भाची : म्हणजे एका वंशपरंपरेने मिळालेल्या सत्तेने दुसऱ्या वंशपरंपरा मोडल्या. ठीक. पण असा राजा लाभणे हे दैव होते. 1871 ला ज्याची निवड झाली त्याचे काय झाले ते आपण पाहिले. 1884 ला निवड वेगळी झाली असती तर कोल्हापूर आज कोणाची पुण्यतिथी पाळीत असते? दैवावर विसंबून कोणी राज्यव्यवस्था उभी करू नये, म्हणून तर आपण घटना लिहिली. आता दुसरी गोष्ट. तुम्ही सांगितलेली दत्तकविधाने मी मोजीत होते. 1762, 1866, 1871, 1884.

मामा : पुढचीही सांगतो. राजर्षींचे पुत्र राजाराम महाराज औरस. ते 1922 मध्ये गादीवर आले आणि 1940 मध्ये वारले. त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्या पश्चात घेतलेले दत्तक बालछत्रपती शिवाजी महाराज 1946 मध्ये अगदी लहानपणी गेले. मग 1947 मध्ये देवास थोरल्या पातीचे अधिपती विक्रमसिंहराव पवार दत्तक आले आणि शहाजी छत्रपती झाले. विलीननाम्यावर त्यांचीच सही आहे. त्यांनी 1962 मध्ये नागपूरच्या भोसले घराण्यातील दिलीपसिंहराजे यांना दत्तक घेतले, तेच आजचे शाहू छत्रपती.

भाची : 1762 ते 1962. बरोबर दोनशे वर्षे, आणि सात दत्तके. बाबासाहेब महाराज आणि शहाजी महाराज यांचे दोन अपवाद सोडले तर मांडी कोणाची होती? विधवा राणीची. जिजाबाई, आनंदीबाई, 1940 नंतरच्या ताराबाई. दरबारातल्या पुरुषांच्या मसलती, रेसिडेंटाचे खलिते, भाऊबंदांचे दावे, या सर्वांतून वाट काढून कोणाला बसवायचे याला मान्यता द्यायची ती त्या बायकांनी. गादीवर कोण बसेल हे त्यांनी ठरवायचे. पण त्यांनी स्वतः बसायचे नाही, आणि त्यांच्या लेकींनीही बसायचे नाही. राजाराम महाराजांना मुलगा नव्हता, असे तुम्ही म्हणालात. त्यांना मुलगी होती. पद्माराजे. तुमच्या वाक्यात ती आलीच नाही.

मामा : नाही आली. वंशावळीत ती शाखा जेथे संपते तेथे रेघ मारण्याची सवय हाताला लागली आहे.

भाची : 1962 मध्ये कोल्हापूरच्या रस्त्यांवर जो क्षोभ उसळला तो या रेघेविरुद्ध होता, असे मी समजते.

मामा : तो क्षोभ मी डोळ्यांनी पाहिला आहे. राज्य जाऊन तेरा वर्षे झाली होती. कायद्याच्या दृष्टीने दत्तक घेणे हा शहाजी महाराजांचा खासगी अधिकार होता. तरी हजारो माणसे रस्त्यावर आली, कारण त्यांना वाटत होते की छत्रपती दत्तक कोणाला घेतात ही रयतेची बाब आहे, आणि राजाराम महाराजांच्या लेकीकडे या गादीचा ओघ वळावा. तुझ्या प्रजासत्ताकाच्या भाषेत ते बसणार नाही. पण तो रयतेचा हक्काचा आवाज होता. 

या ठिकाणी माझे स्वतःचे म्हणणे मांडणे मला आवश्यक वाटते, कारण 2024 च्या वादात जी गोष्ट कोणत्याच व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगितली गेली नाही ती हीच आहे. शहाजी महाराज पवारांच्या घरातून आले, एवढेच सामान्यतः सांगितले जाते. परंतु त्यांच्या मातोश्री राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब महाराज, या राजर्षी शाहूंच्या कन्या होत. म्हणजे 1947 मध्ये गादीवर आले ते राजर्षींचे दौहित्र. आणि 1962 मध्ये शहाजी महाराजांनी ज्यांना दत्तक घेतले ते त्यांच्या स्वतःच्या कन्येचे पुत्र. तेव्हा सध्याचे महाराज हे विधीने दत्तक असले तरी रक्ताने राजर्षींचेच वंशज आहेत. केवळ ते रक्त दोन वेळा लेकीच्या वाटेने आले आहे. ‘खरे वारस नव्हेत’ असे म्हणणाऱ्यांनी रक्ताचा आधार घेतला आणि रक्ताच्याच हिशेबात ते चुकले. त्यांना उत्तर देणाऱ्यांनी दत्तकविधानाचा आधार घेतला, जो कायद्याने अभेद्य आहे, पण पूर्ण सत्य त्यांनीही सांगितले नाही. दोन्ही बाजूंनी स्त्रिया मोजल्या नाहीत, म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब जुळला नाही. ज्यांनी 1962 मध्ये पद्माराजांचा पक्ष घेतला त्यांची मागणी, आणि ज्यांच्या विरुद्ध ती केली त्यांचे स्वतःचे वंशसूत्र, ही दोन्ही अखेरीस कन्येच्याच हक्कावर उभी होती, हे त्या गदारोळात ध्यानी आले असते तर कदाचित तो क्षोभ एवढा कडवट झाला नसता.

भाची : हे मला ठाऊक होते, पण एवढ्या सरळ रेषेत कोणी मांडले नव्हते. तरीही मामा, यातून माझे मत बदलत नाही. उलट दृढ होते. रक्त लेकीकडून वाहते, निवड विधवा करते, आणि नाव तेवढे पुरुषाचे राहते. ही रचना टिकवून ठेवण्यात मला गौरव दिसत नाही.

मामा : ताराबाईसाहेबांनी सात वर्षे औरंगजेबाला दमविले, तरी शिक्का मुलाच्या नावाचा होता, हे मला तरुणपणीही खटकत असे. पण आता काळ बदलला, आणि घराण्यानेही बदलावे. तू आजचे बघ. दसऱ्याच्या संध्याकाळी महाराज आपल्या जुन्या मेबॅक गाडीतून दसरा चौकात येतात, शमीचे पूजन होते, सोने लुटले जाते. त्यांच्या हाती ना सनद, ना फौज. तरी गडहिंग्लजपासून शिरोळपर्यंतची माणसे मुलांना खांद्यावर घेऊन उभी असतात. त्यांना कोणी बोलाविलेले नसते. हे सातत्य नव्हे तर काय?

भाची : ते प्रेम आहे, आणि त्याला माझा विरोध नाही. माझा विरोध त्या प्रेमाचे मतपत्रिकेत रूपांतर होण्याला आहे. छत्रपतींचे नाव लावून उभा राहिलेला उमेदवार आणि एखाद्या शेतमजुराचा शिकलेला मुलगा हे एका रेषेवरून धावायला लागत नाहीत.

मामा : तसे म्हणू नकोस. 2009 मध्ये महाराजांचे पुत्र संभाजीराजे कोल्हापुरातून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. त्याच वर्षी त्यांचे बंधू मालोजीराजे विधानसभेची जागा हरले, जी त्यांनी 2004 मध्ये जिंकली होती. पंधरा वर्षांनी वडिलांना मात्र याच मतदारांनी दिल्लीला पाठविले. कोल्हापूरची रयत छत्रपतींना मुजरा करते, आणि मत द्यायचे की नाही हे वेगळे ठरवते. जुन्या काळी दत्तकाला मान्यता रेसिडेंटाकडून घ्यावी लागे. आता ती दर पाच वर्षांनी रयतेकडून घ्यावी लागते, आणि ती नाकारलीही जाते. मला यात गादीचा अपमान दिसत नाही. राजर्षी असते तर त्यांनी ही परीक्षा दिली असती, अशी माझी श्रद्धा आहे.

भाची : 2009 चा दाखला चांगला आहे, तो मी मान्य करते. पण मान्यता रयतेकडून घ्यायची तर ती माणसाला मिळते, घराण्याला नव्हे. एकाला मिळालेली मान्यता मुलाच्या नावे वळती करता येत नाही. 1918 मधल्या तलाठ्याप्रमाणे पुन्हा नव्याने नेमणूक व्हावी लागते.

मामा : मग घराण्याकडे उरते काय?

भाची : दफ्तर उरते, मामा. तुम्ही ज्यात आयुष्य घालविलेत ते. पंचगंगेच्या पुराच्या नोंदी, धरणाचे कागद, वसतिगृहांचे हिशेब, वेदोक्ताचे हुकूम. तो वारसा सर्वांचा आहे, आणि तो वाचता येणारी माणसे कमी होत चालली आहेत. वारसपणाच्या भांडणावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढी मोडी शिकविण्यावर झाली असती तर मला अधिक बरे वाटले असते.

मामा : ते मी दुसऱ्या कोणाकडून ऐकले असते तर रागावलो असतो. पण एक विचारतो, वकील म्हणून उत्तर दे. उद्या समजा पुन्हा तशी वेळ आली, तर कन्येला बसविता येईल काय?

भाची : 1956 च्या हिंदू दत्तक आणि पोटगी कायद्याने मुलगी दत्तक घेता येते, आणि विधवेला नवऱ्यासाठी नव्हे, तर स्वतःसाठी दत्तक घेता येते. गादीविषयी मात्र कायदा 1971 पासून मौन आहे. म्हणजे अडवणारे कोणी नाही, सवयीखेरीज.

मामा : मग ती सवय मोडली पाहिजे, आणि ती घराण्यानेच आपण होऊन मोडावी. दसरा चौकात सोने लुटताना जर राजकन्या पुढे उभी राहिली तर मी म्हातारा सर्वांत पुढे जाऊन तिला मुजरा करीन. आणि वंशावळीची जी नक्कल मी करीत आहे, तीत अक्कासाहेबांची आणि पद्माराजांची शाखा रेघ न मारता लिहीन.

भाची : लिहा. ती वाचायला मी येईन. पण मुजरा करणार नाही, आणि त्या राजकन्येने निवडणूक लढविली तर तिने वसतिगृहांसाठी आणि नदीसाठी काय केले ते विचारल्याशिवाय मतही देणार नाही.

मामा : विचार. राजर्षींच्या वंशातील कन्येला तो प्रश्न विचारण्याचा तुझा हक्क मी नाकारीत नाही. मात्र तू नुसते विचारून थांबशील, आणि मी त्याआधी मान लववीन. एवढा फरक आपल्यात राहणार.

भाची : राहू दे. तो मिटवण्याची मला घाई नाही.